चौथ्या दाराची मूठ

१

खोटं दार करायला खऱ्या दारापेक्षा जास्त वेळ लागतो. हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला कामातलं कळत नव्हतं. मी एक्कावन्न वर्षं सुतारकी केली. आमच्या इटलीत, मोदेनाकडच्या मोठ्या घरांत खोलीला तीनच दारं असली तर मालकाला झोप लागत नाही. समोरासमोर दोन आणि दोन हवीत. मग आम्हाला बोलावतात. आम्ही भिंतीवर चौथं दार उभं करतो. चौकट खरी, फळ्या खऱ्या, रंग खरा, मागं नुसती भिंत. अशी मी तीसेक केली असतील. एकालाही मूठ बसवली नव्हती. मुठीच्या जागी रंगानं मूठ काढायची, हा रिवाज.

हे दार माझ्या जावयाच्या घरातलं. जावई ग्वाल्तिएरो मोंतोर्सी. फरशांचा कारखाना. बाप गुरं राखायचा आणि हा टेकडीवरचं जुनं घर घेऊन बसला. घराबरोबर तोरा आला, आणि तोऱ्याबरोबर चार चित्रं आली. दारांच्या डोक्यावर बसवायची, आडवी, लांबट. पडकी देवळं, मोडके खांब, कमानीतून उगवलेलं अंजीर. दोनशे वर्षांपूर्वी असला माल आमच्याकडं गाडीनं निघायचा. स्वतःचं छप्पर धड असलं की माणसाला दुसऱ्याचं पडलेलं बघायला बरं वाटतं.

चित्रं चार, जेवणाच्या खोलीला दारं तीन. आला माझ्याकडं.

"बाबा, मूठ खरी बसवा," म्हणाला. "पितळेची. बिजागऱ्यापण खऱ्या. पाहुण्यानं धरली की फिरली पाहिजे."

"आणि उघडल्यावर?"

"उघडल्यावर भिंत. तीच तर गंमत."

"जावईबापू, मूठ शवपेटीलाही असते. पण बाहेरूनच."

तो हसला. माझी पोर डेल्फिना हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, जेवताना तरी शवपेट्या नकोत." गावात शवपेट्या मीच करायचो. तिला लहानपणापासून त्याचा तिटकारा.

चौथं चित्र चढवताना त्याची पाठ बघितली. मी चित्रं पुढून बघत नाही, मला त्यातलं कळत नाही. पाठीमागची लाकडी चौकट मात्र कळते. त्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आम्ही सुतार कामावर लिहीत नाही, काढून ठेवतो. दाराची रुंदी, उंची, आणि शेजारी दाराची मूठ काढलेली. त्या मुठीवर फुली. खाली दुसऱ्या हातानं दुसरी मापं, पुन्हा मूठ, पुन्हा फुली. मोजल्या. सहा मुठी, सहा फुल्या. सहा वेगळे सुतार.

मला वाटलं, मेल्यांना कुलपाचं काम येत नसेल. जे आपल्याला जमलं नाही ते पुढच्यानंही करू नये, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

मी मूठ बसवली. छान बसवली. अजून कुरकुरत नाही.

२

त्या चित्रांबरोबर एक यादी आली होती. टाइप केलेली, शिक्क्याची. ती ताक्कोनी नावाच्या प्रोफेसरांनी केली होती. कोणाकडून कोणाकडं चित्रं गेली त्याची. ग्वाल्तिएरो ती पाहुण्यांना बायबलसारखी वाचून दाखवायचा. आमच्याकडं पाद्रीसुद्धा एवढ्या कौतुकानं वाचत नाही.

एका रविवारी चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी डेल्फिनाला म्हटलं, मला वाच.

तिनं वाचलं. पहिला रेज्जोचा एक काउंट. मग कार्पीचा धर्मगुरू. मग बोलोन्याचा रेशीमवाला आणि त्याची बायको. मग एक नोटरी, मग निवृत्त कर्नल, शेवटी डॉक्टर नवरा-बायको. कोणाकडं अकरा वर्षं, कोणाकडं चार, डॉक्टरांकडं जेमतेम दोन. आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात: 'समतोलासाठी खोटे दार बसविले. सुतार अज्ञात.'

"मालकांची नावं ठाऊक आणि सुताराचं अज्ञात," मी म्हटलं. "दार काय काउंटनं केलं?"

"बाबा, प्रोफेसरांवर का चिडता? जे कागदात सापडतं ते लिहितात ते."

"बरं. काउंटकडून धर्मगुरूला विकलं कोणी?"

"पुतण्यानं."

"धर्मगुरूकडचं?"

"बिशपच्या कचेरीनं. रेशीमवाल्याचं मेहुण्यानं. नोटरीचं... भावजयीनं."

"आणि काउंट मेला कधी?"

"ते नाही दिलेलं."

"नोटरी?"

"बाबा, ही चित्रांची यादी आहे. माणसांची नाही."

पण मी सांगतो. माणूस मेला की आधी मला बोलावतात, मग सामान विकणाऱ्याला. आधी पेटी, मग विक्री. उभ्या जन्मात हा क्रम मोडलेला मी बघितला नाही. त्या यादीत सहा विक्र्या होत्या आणि एकही पेटी नव्हती.

घरी जायला निघालो. डेल्फिना दारापर्यंत आली. तिची एक सवय सांगायची राहिली. आमच्या घराचं दार जुनं, बिजागरीतून खचलेलं. मूठ आधी थोडी वर उचलायची आणि मग खाली दाबायची, नाहीतर उघडत नाही. पोर तशीच वाढली. लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी प्रत्येक दाराची मूठ ती आधी वर उचलायची. ग्वाल्तिएरो चिडवायचा, "बापाचं मोडकं दार सगळीकडं घेऊन फिरते ही."

बाप सुतार, आणि स्वतःच्या घराचं दार नीट केलं नाही. हेही लिहून ठेवतो.

३

चूक मला सावलीत दिसली.

नोव्हेंबरमध्ये गेलो होतो, दुपारी दोनला. त्या खोलीत खिडक्या एकाच टोकाला. चौथ्या दारासमोर उभं राहिलं की उजव्या हाताला. उजेड उजवीकडून, म्हणजे मुठीची सावली डावीकडं पडणार. हे शाळेत जावं लागत नाही कळायला.

सावली उजवीकडं पडली होती. खिडकीकडं.

मी म्हटलं, आरसा. समोरच्या कपाटावर मोठा आरसा होता. त्यावर मेजाचा कपडा टाकला. सावली तिथंच. मग पुढचं दार, मागचं दार, सगळ्या मुठी बघितल्या. तीन सावल्या शहाण्यासारख्या डावीकडं, नाहीतर जिथं पडायला हव्यात तिथं. चौथी तेवढी उलटी.

वर चित्राकडं बघितलं तेव्हा कळलं. जुने चितारी हरामखोर असले तरी काम जाणायचे. दारावरचं चित्र करताना खोलीची खिडकी कुठल्या बाजूला येणार ते आधी विचारायचे, आणि चित्रातला उजेड त्याच बाजूनं टाकायचे. तीन चित्रांत तसाच होता. चौथ्यात उजेड डावीकडून येत होता. डावीकडं भिंत. त्या टोकाला खिडकी कधी नव्हतीच.

आणखी एक. बाकीच्या तिन्ही चित्रांत बोटाएवढी माणसं होती. धुणं बडवणाऱ्या बायका, बकऱ्या, काठी टेकून उभा म्हातारा. चौथ्यात कोणी नव्हतं. पायऱ्या वर जाऊन मोडलेल्या, कमान, अंजीर. बस.

मी बाहेरून वळसा घालून भिंतीच्या पलीकडं गेलो. तिथं लाकडाची वखार. ओंडके बाजूला करून भिंत ठोकली. हातभर जाड दगड, भरीव. परत आलो. दार उघडलं. गिलावा. मीच सारवलेला. हात लावला, थंड.

"काय शोधताय?" डेल्फिनानं विचारलं.

"उंदीर."

"सावली बघितलीत ना?"

"काम नाही तुला दुसरं," मी म्हणालो. असंच बोलतो मी. बायको होती तोवर ती सावरून घ्यायची.

४

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचं जेवण. मी, डेल्फिना, ग्वाल्तिएरोची बहीण ओर्तेन्सिया आणि तिचा नवरा. कॉफी शेकोटीच्या खोलीत घेतली. ग्वाल्तिएरो म्हणाला, अक्रोडाची दारू जेवणाच्या खोलीत राहिली, आणतो. गेला.

दहा मिनिटं झाली. ओर्तेन्सिया म्हणाली, "अक्रोड पाडायला गेला की काय?"

मी बघायला गेलो. बाटली मेजावर. त्याच्या गळ्यातला रुमाल चौथ्या दारासमोर जमिनीवर, सरळ पडलेला. दार बंद. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरातून निघालेलं एकही पाऊल बर्फात नाही.

पोलीस आले. गावानं निकाल दिला की कचेरीतल्या मुलीबरोबर स्वित्झर्लंडला पळाला. ती मुलगी सोमवारी वेळेवर कचेरीत होती. मग गाव म्हणालं, दुसरी मुलगी असेल. गावाला मुलींची काय कमी.

मीही तेच म्हणालो. खोटं कशाला बोलू. मला तो आवडत नव्हता. पळाला तर बरं झालं, असं मी पोरीसमोर बोललो.

५

मार्चमध्ये ती माझ्या कारखान्यात आली. थंडीत, डोक्याला काही न बांधता.

"बाबा, तो आत आहे. चाचपतोय."

"कुठं आत?"

"दारामागं. तळवा फिरवतो फळीवर. मुठीच्या उंचीला येऊन थांबतो. मग पुन्हा खालून सुरू. त्याला मूठ सापडत नाही. तुम्ही मूठ एकाच बाजूला बसवलीय."

"खोट्या दाराला पाठ नसते, पोरी. दुसरी मूठ काय भिंतीत गाडू?"

"गाडा. मी उघडते तेव्हा भिंतच दिसते. त्याच्या बाजूनं उघडायला हवं. एक मूठ, बाबा. तुम्हाला तासाभराचं काम."

मी गेलो तिच्याबरोबर. दाराला कान लावला. ओल्या गिलाव्यावर हात फिरावा तसा आवाज होता. हळू, पुन्हा पुन्हा. उंदीर असा चालत नाही. मी म्हणालो, उंदीर आहे. आणि पिशवीतून दोन लांब स्क्रू काढून, एक वर आणि एक खाली, दार चौकटीला आवळून टाकलं.

"हे काय केलंत?"

"मूठ मागितलीस ना? ही घे."

तिची आई अशी गप्प बसायची तेव्हा मी दोन दिवस घरी यायचो नाही. यावेळीही तेच केलं. शब्द परत घेता आले असते तर सुताराऐवजी वकील झालो असतो.

६

तिसऱ्या दिवशी गेलो. सकाळचे दहा. चुलीवर शेवयांचं पाणी आटून भांडं करपलेलं. जेवणाच्या खोलीत मेजावर बशी, बशीत माझे दोन्ही स्क्रू. पुसून ठेवलेले. तिच्या सपाता दारासमोर, टाचा माझ्याकडं.

दार बंद होतं. उघडलं. गिलावा. मी त्यावर मुठी मारल्या, मग हातोडा मारला. दगड लागला. वखारीतून पहार आणून छातीएवढं भगदाड पाडलं, पलीकडं मीच बाजूला केलेले ओंडके दिसले. ते भगदाड मी बुजवलं. काय करणार.

पोलीस पुन्हा आले. म्हणाले, नवऱ्याकडं गेली असेल. सपाता घरी ठेवून? म्हणाले, म्हातारबा, बायकांकडं दोन जोड असतात.

मी त्या घरात राहायला गेलो. आठव्या दिवशी जेवत होतो तेव्हा सुरू झालं. तळवा. हलका, बाईचा. मुठीच्या उंचीला आला, थांबला, मग तिथंच थोडा वर सरकला आणि खाली आला. नसलेली मूठ उचलून दाबावी तसा.

उठून धावायला हवं होतं. मी काय केलं? दोन्ही स्क्रू होते त्याच भोकांत पुन्हा आवळले. भीतीनं. एक्कावन्न वर्षं मेलेल्यांना पेटीत घालून खिळे मारलेला मी, पोटच्या पोरीच्या हाताला भ्यालो. कारण तिच्या तळव्यामागं दुसरे तळवे होते. सगळी फळी भरून. सावकाश. त्यांना घाई नव्हती.

७

जूनमध्ये ओर्तेन्सिया आली, प्रोफेसर ताक्कोनींना घेऊन. बारीक माणूस, हातात हातमोजे, उन्हाळ्यात. यादी बरोबर होती, नवा कागद जोडलेला.

"आर्तेमिओ, समजून घ्या," ओर्तेन्सिया म्हणाली. "घर काढायचंय. चित्रांना गिऱ्हाईक आहे. निम्मा हक्क डेल्फिनाचा, तिच्यामागं तुमचा. सही करा म्हणजे झालं."

"गिऱ्हाईक कोण?"

"पार्माचं तरुण जोडपं," प्रोफेसर म्हणाले. "लहान मुलं आहेत. मोठी खोली आहे, फक्त एक दार कमी पडतं. ते करून घेतील."

"करून घेतीलच."

"तुमचं नाव यादीत येईल," ते म्हणाले. मला लालूच म्हणून बोलले असावेत. "विकणारा: आर्तेमिओ बेदोनी. मालकिणीचे वडील."

मी यादी हातात घेतली. पुतण्या. बिशपची कचेरी. मेहुणा. भावजय. मी इतके महिने या लोकांना लोभी समजत होतो. त्यांनीही ऐकलं असणार. जेवता जेवता, भर दुपारी. आणि दार फोडायची हिंमत नव्हती, जाळायचीही नव्हती, कारण आत आपलं माणूस. मग एकच उरतं. विकून टाकायचं. दार मागं राहतं, आवाज मागं राहतो, आपण दुसऱ्या गावी जाऊन जेवतो.

"प्रोफेसरसाहेब, यातलं एक तरी माणूस कुठं पुरलंय?"

त्यांनी चष्मा पुसला. "माझा विषय चित्रांचा आहे."

"तेच म्हणतो मी. तुमची यादी इतकी सुरेख, आणि सगळ्यात खाली ही चित्रं माणूस खातात ते लिहायला तुम्हाला जागा पुरली नाही."

"आर्तेमिओ," ओर्तेन्सिया म्हणाली, "तुम्ही थकलाय."

"थकलोय. जा आता. सही नाही."

तिला भावाचं दुःख नव्हतं असं नाही. जाताना तिनं चौथ्या दाराकडं बघितलं नाही. पाठ करून, भिंतीला खेटून गेली. म्हणजे तिनंही ऐकलंय.

८

आज सकाळी काम केलं. तासाभराचं काम, पोर बरोबर बोलली होती.

दार बंद, स्क्रू जागेवर. मूठ काढून त्या जागी गिरमिट लावलं. फळी चार बोटं जाड, त्यानंतर गिलावा लागायला हवा. गिरमिटाला मागं काही लागलं नाही. फिरत राहिलं, हलकं. बाहेर काढलं तर भोकातून उजेड आला आणि माझ्या सदऱ्यावर पडला. दुपारचा, पिवळा, डावीकडून. अंजिराच्या पानांचा वास आला, उन्हात तापलेल्या चुन्याचा आला. मी डोळा लावला. पायरी दिसली, मोडकी. पायरीवर काहीतरी सरकलं आणि भोक आतून काळं झालं. कोणीतरी डोळा लावला होता की तळवा, ते मला माहीत नाही. मी मागं झालो.

मग वर चित्र बघितलं. रोज बघतो. अजूनही त्यात कोणी नाही.

चौकोनी लोखंडी कांडी घेतली, नेहमीपेक्षा लांब. मुठीत बसवली आणि भोकातून पलीकडं सरकवली. दोन बोटं पलीकडं निघेल एवढी. चिमटीत धरता येईल. आणि उभा राहिलो.

बराच वेळ काही नाही. मग मूठ वर उचलली गेली, थोडीशी. मग खाली.

पोर होती. मी तिला मोठ्यानं हाक मारली, मग वरचा स्क्रू काढला.

मूठ पुन्हा हलली. वर, मग खाली. यावेळी जड. पुरुषाचा हात. मी म्हटलं ग्वाल्तिएरो असेल, बायकोनं शिकवलं असेल. मग तिसऱ्यांदा. वर, खाली. म्हाताऱ्यासारखं, अडखळत. मग चौथं, घाईचं. मग जोरात, कांडी वाकेल असं. मग इतकं सावकाश की मुठीवरची चकाकी सरकताना दिसली. प्रत्येकानं आधी वर उचलली. रेज्जोच्या काउंटच्या घरी खचलेलं दार नव्हतं. ती सवय जगात एकाच घराची आहे.

सगळ्यांनी माझ्या पोरीकडून शिकून घेतलंय. मी कोणाला दार उघडेन ते त्यांना कळलंय.

म्हणून बसलो आणि हे लिहिलं. चित्र खाली उतरवलंय, चुलीवर पिठाची खळ कोमट आहे. हे कागद चित्राच्या पाठीला चिकटवणार, सहा मुठींच्या शेजारी, कारण फुलीनं भागत नाही हे आता ठाऊक झालंय. प्रोफेसरांना वाचायला मिळेल: सातवा सुतार, आर्तेमिओ बेदोनी, अज्ञात नाही. विकणारा: कोणी नाही.

लिहिताना मूठ थांबलेली नाही. मधूनमधून एकदा हलकी असते. ती खरी असावी.

लाकूड कोरायची पटाशी धार लावून जवळ ठेवलीय. खालचा स्क्रू काढायला घेतो. पोर पहिली आली तर ठीक. नाही आली, तर जो पहिला येईल त्याला मी एकच विचारणार आहे, मूठ आधी वर उचलायला तुला कोणी शिकवलं.